स्वस्त विजेचा तास : ब्रायटनच्या मीटरपासून आपल्या गीझरपर्यंत

दुपारी बारा वाजता कपडे धुण्याचे यंत्र लावले तर वीज स्वस्त. तेच यंत्र रात्री आठला लावले तर त्याहून महाग. स्मार्ट मीटर बसलेल्या घरांतून सध्या हा विषय चर्चेत आहे आणि बहुतेकांना तो कालपरवाचा शोध वाटतो. प्रत्यक्षात या कल्पनेचे वय सव्वाशे वर्षांहून अधिक आहे. तिच्या इतिहासात एक अभियंता आहे, एक कोसळलेला धनाढ्य आहे, इस्त्रीचा एक मंगळवार आहे आणि आसामचा एक माजी गव्हर्नरही आहे. धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी अडचण काय होती ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वीज म्हणजे जवळजवळ केवळ दिवे. आणि अंधार सर्वांच्या घरी एकाच वेळी पडतो. संध्याकाळच्या त्या दोन-तीन तासांसाठी कंपनीला प्रचंड इंजिने, डायनॅमो, बॉयलर आणि तांब्याच्या तारा यांवर भांडवल गुंतवावे लागे. उरलेल्या वेळी ही यंत्रसामग्री स्वस्थ बसून राही. कर्जावरचे व्याज मात्र बसून राहत नसे. धान्याप्रमाणे वीज कोठारात भरून ठेवण्याची सोयही नव्हती, निदान परवडेल अशी नव्हती.

१८९२ साली जॉन हॉपकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याने एका व्याख्यानात या अडचणीचे नेमके विश्लेषण केले. त्याचा मुद्दा असा : विजेचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक, वीज प्रत्यक्ष निर्माण करण्याचा, म्हणजे कोळशाचा. दुसरा, ग्राहक कोणत्याही क्षणी बटण दाबेल म्हणून सज्ज राहण्याचा. हा दुसरा खर्च मोठा. ज्याच्या दिवाणखान्यातले झुंबर महिन्यातून दोनदा, पाहुणे आल्यावरच लागते असा धनिक आणि तळघरात दिवसभर दिवे लावून बसणारा छापखानेवाला यांची तुलना करा. युनिटमागे दोघांकडून सारखाच दर घेतला, तर धनिकाच्या झुंबराचा सज्जतेचा खर्च छापखानेवाला भरतो. वीजदराचा प्रश्न हा मुळात न्यायाचा प्रश्न आहे, हे मला प्रथम हॉपकिन्सनच्या या युक्तिवादामुळे उमगले. (हा माणूस १८९८ मध्ये आल्प्स पर्वतात चढाई करताना एक मुलगा व दोन मुलींसह मरण पावला.)

तत्त्व सांगणे सोपे, मोजायचे कसे? ब्रायटनच्या नगरपालिकेच्या वीजकेंद्रातील अभियंता आर्थर राइट याने एक सुंदर साधन बनवले. विजेचा प्रवाह वाढला की काचेच्या फुग्यातली हवा तापे, फुगे आणि नळीतील द्रव पलीकडे ढकली. प्रवाह जितका मोठा, तितका अधिक द्रव बाजूच्या मापनळीत सांडे. एकदा सांडलेला द्रव परत येत नसे. त्यामुळे बिलाच्या अखेरीस मापनळी पाहिली की त्या घराने एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली ते कळे. या कमाल मागणीनुसार सुरुवातीच्या युनिटांना चढा दर आणि पुढच्या युनिटांना उतरता दर, अशी राइटची पद्धत होती.

तिच्यात एक उणीव होती. राइटच्या नळीला घड्याळ नव्हते. पहाटे तीनला भट्टीपाशी दिवे लावणारा पाववाला आणि संध्याकाळी सहाला दिवे लावणारा दुकानदार तिच्या दृष्टीने सारखेच. वस्तुतः पाववाल्यामुळे कंपनीला एकही जादा डायनॅमो घ्यावा लागत नव्हता. गिस्बर्ट काप या अभियंत्याने त्याच काळात घड्याळ जोडलेल्या, दोन दरांच्या मीटरचा पुरस्कार केला. आजच्या ‘टाइम ऑफ डे’ दराचा तो खरा पूर्वज. परंतु घड्याळाचा मीटर महाग आणि किल्लीची कटकट मोठी. बाजारात राइटची पद्धत पुढे गेली.

ती अमेरिकेत नेली सॅम्युएल इन्सलने. लंडनमध्ये जन्मलेला, एडिसनचा खासगी सचिव म्हणून १८८१ साली अमेरिकेत गेलेला आणि १८९२ पासून शिकागो एडिसन कंपनीचा अध्यक्ष असलेला हा गृहस्थ १८९४ मध्ये इंग्लंडला आला असता त्याने ब्रायटनची पद्धत पाहिली. इन्सल हाडाचा विक्रेता. त्याने प्रश्नाची बाजू बदलली : संध्याकाळचा डोंगर खाली आणण्यापेक्षा दुपारची दरी का भरू नये? ट्राम कंपन्या, कारखाने, मोठी दुकाने यांना त्याने स्वस्त दराने ओढून घेतले. यंत्रे दिवसभर राबू लागली आणि युनिटमागचा खर्च घसरला. ध्यानात घ्या, यात वीज ‘वाचवण्याचा’ हेतू मुळीच नव्हता. हेतू होता अधिक वीज विकण्याचा. एकच तंत्र काटकसरीसाठीही वापरता येते आणि खप वाढवण्यासाठीही, हे आजच्या जाहिराती वाचताना विसरू नये. १९३२ साली इन्सलचे साम्राज्य मंदीत कोसळले आणि १९३८ मध्ये पॅरिसच्या मेट्रो स्थानकात त्याला मृत्यूने गाठले.

आता तो मंगळवार. कॅलिफोर्नियातील ऑन्टॅरिओ या गावी अर्ल रिचर्डसन नावाचा माणूस वीजकेंद्रात काम करी. मीटर वाचायला घरोघर हिंडताना त्याने पाहिले की बायकांना विजेची इस्त्री हवी आहे. पण केंद्र चालते दिवे लागल्यावर आणि इस्त्रीचा दिवस असतो मंगळवार. त्याने केंद्रचालकांना मंगळवारी दिवसभर वीज सुरू ठेवायला राजी केले. पुढे हाच रिचर्डसन ‘हॉटपॉइंट’ इस्त्रीचा निर्माता झाला. वीजदरांच्या इतिहासात बहुतेक वेळा घरातल्या बाईने आपले वेळापत्रक विजेप्रमाणे बदलावे अशी अपेक्षा असते. इथे एकदा तरी वीज तिच्या वेळापत्रकाप्रमाणे चालली.

दुसऱ्या महायुद्धात सरकारांनी मीटरच्या भानगडीत न पडता थेट घड्याळालाच हात घातला. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातील घड्याळेही तासभर पुढे होती.

युद्धानंतरचा ब्रिटन मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोधप्रद भाग वाटतो, कारण तिथे प्रयोग फसला. कोळशावर नियंत्रण होते म्हणून लोकांनी विजेच्या शेगड्या घेतल्या. थंडीच्या सकाळी त्या सगळ्या एकदम पेटू लागल्या. १९४७ च्या भीषण हिवाळ्यात, ७ फेब्रुवारीला, इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी संसदेत जाहीर केले ते असे : देशाच्या मोठ्या भागात घरगुती वीज रोज सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ बंद राहील. लोडशेडिंगमध्ये बालपण गेलेल्या आपल्या पिढीला याचे वर्णन करून सांगायला नको.

पुढच्या वर्षी कमाल मागणीच्या प्रश्नावर समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष सर अँड्र्यू क्लो. हे नाव भारतीय कामगार कायद्यांच्या अभ्यासकांना ओळखीचे असेल : आयसीएस अधिकारी, मजूरविषयक रॉयल कमिशनचे सदस्य आणि १९४२ ते १९४७ आसामचे गव्हर्नर. क्लो समितीच्या शिफारशीनुसार हिवाळ्यात घरगुती विजेचा दर वाढवण्यात आला आणि उरलेल्या वर्षात थोडा उतरवण्यात आला. हा ‘क्लो फरक’ जेमतेम एक हिवाळा टिकला.

कारणे पाहण्यासारखी आहेत. घरोघरच्या मीटरला तास कळत नव्हता, म्हणून दरवाढ सकाळी आठलाही तेवढीच आणि मध्यरात्रीही तेवढीच. शेगडी दोन तास उशिरा लावून काहीच पदरात पडत नसेल, तर कोण कुडकुडत बसेल? शिवाय बिल येई तीन महिन्यांनी, थंडी सरत आल्यावर. ग्राहकाला वागणूक बदलण्याची संधी मिळाली नाही, फक्त दंड मिळाला. काप याच्या घड्याळाची किंमत अशी पन्नास वर्षांनी चुकवावी लागली.

फ्रान्सने वेगळा मार्ग धरला. गणिती पार्श्वभूमीचा अर्थतज्ज्ञ मार्सेल बुआतो याने १९४९ मध्ये कमाल मागणीच्या काळातील दर कसा ठरवावा याचा सिद्धान्त मांडला आणि तेथील सरकारी वीज कंपनीने तो अमलात आणला, आधी उद्योगांसाठी, मग १९६० च्या दशकात घरांसाठी. फ्रेंच घरांतले पाणी तापवण्याचे बंब रात्री तारेतूनच आलेल्या संकेताने आपोआप सुरू होऊ लागले. कोणी उठून बटण दाबायचे नाही. ब्रिटननेही पुढे धडा घेतला. १९७८ च्या ‘इकॉनॉमी सेव्हन’ योजनेत रात्रीचे सात तास वीज स्वस्त मिळे. जड विटा भरलेले हीटर रात्री तापत आणि दिवसभर ऊब सोडत. मात्र दिवसाचा दर नेहमीपेक्षा चढा असे. ज्याच्याकडे असा हीटर नाही त्याला या योजनेत तोटाच.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात उद्योगांसाठी वेळेनुसार दर दोन दशकांहून अधिक काळ आहेत. बरीच वर्षे त्यांचा साचा असा होता : रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपयाची सवलत, सकाळी ९ ते १२ या वेळेत ८० पैसे अधिभार, संध्याकाळी ६ ते १० या वेळेत १ रुपया १० पैसे अधिभार. जालन्याच्या पोलाद भट्ट्या असोत वा कोल्हापूरच्या फाउंड्री, रात्रपाळीच्या हिशेबात ही सवलत धरलेली असे. संध्याकाळचा डोंगर चढायला कोयना होती, आणि आहे. धरणाचे पाणी काही मिनिटांत चक्रांवर सोडता येते, औष्णिक बॉयलरला तशी घाई जमत नाही. घाटघर येथे तर २००८ पासून स्वस्त वेळेत पाणी वर चढवून महाग वेळेत खाली सोडतात.

मग सौरऊर्जा आली आणि नकाशा उलटला. केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलले : सौर तासांत दर कमी, पीक तासांत जास्त, मोठ्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून, शेती वगळून इतरांना १ एप्रिल २०२५ पासून. महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांची सवलत जाहीर केली. गंमत पाहा : ज्या सकाळच्या ९ ते १२ या तासांवर उद्योगांना ८० पैसे अधिभार होता, त्याच तासांवर जुलै २०२५ पासून घरांना ८० पैसे सूट मिळू लागली. तास तेच, पैसे तेवढेच, चिन्ह मात्र उलटे. कोळशाच्या आणि अणुऊर्जेच्या युगात स्वस्त तास मध्यरात्री असे, कारण ती केंद्रे रात्री विझवता येत नसत. सूर्याच्या युगात तो दुपारी सरकला.

घरात किती वाचते, हा प्रश्न येणारच, म्हणून ८० पैशांची सवलत धरून हिशेब मांडते. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास म्हणजे एक युनिट, म्हणजे ८० पैसे. रोज एक युनिट दुपारी सरकवला तर महिन्याला २४ रुपये. विद्युत स्कूटरच्या बॅटरीत तीन युनिट मावत असतील तर एका चार्जिंगमागे २ रुपये ४० पैसे. मिक्सर, टीव्ही, मोबाइल यांच्या वेळा बदलण्याचा खटाटोप करू नका. त्यात चहाचेही पैसे सुटत नाहीत. एसी, गीझर, पाण्याची मोटार, स्कूटर आणि इस्त्रीचा गठ्ठा एवढ्यांकडेच पाहा. गीझरला टायमर लावा, मोटारीला लावा. अर्थात ज्या घरात ९ ते ५ कोणीच नसते, तिथे टायमरशिवाय ही सवलत दारावरून परत जाते. आणि कोणी असते तिथे बहुधा आई, आजी किंवा सून असते. तिच्या दुपारच्या विसाव्यावर आणखी एक काम चढते. आमच्या घरी सवलतीची बातमी वडिलांनी वाचून दाखवली आणि आईने विचारले, “मग दुपारचे कपडे कोण वाळत घालणार?” वडिलांनी वर्तमानपत्राचे पान उलटले.

नियमातले ‘शेती वगळून’ हे शब्द मी मघाशी मुद्दाम गाळले नाहीत. शेतीपंपांचा दर तासावर ठरत नाही, पण विजेचा तास मात्र शेतकऱ्यासाठी फार पूर्वीच ठरलेला आहे : कृषिवाहिन्यांवर आळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास. शहरांची आणि कारखान्यांची दिवसाची मागणी सांभाळण्यासाठी जो भार रात्रीवर सरकवला, तो या पंपांचा. माझे काका जुन्नर तालुक्यात ऊस आणि कांदा करतात. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात ते बॅटरी, काठी आणि गमबूट घेऊन बाराला मोटार सुरू करायला जात. उसात बिबट्या आणि बांधावर साप. काकू दार लावून न घेता बसून राहत. ‘भार हलवणे’ हा शब्द मी पुढे पाठ्यपुस्तकात वाचला, तेव्हा तो मला नवा नव्हता.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ पासून वाढवलेल्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेचा उद्देश पंपांना दिवसा वीज देण्याचा आहे. काकांच्या वाहिनीवर ती गेल्या उन्हाळ्यात आली. आता मोटार सकाळी नऊनंतर सुरू होते. गमबूट मात्र अजून दाराशीच ठेवलेले आहेत.