१८६३ सालचं कट-पेस्ट

फोटोशॉप आलं १९९० साली. पण एका फोटोतली माणसं कापून दुसऱ्या फोटोत चिकटवायचा उद्योग आपल्या मुंबईत त्याच्या सव्वाशे वर्षं आधीच करून झाला होता!

विल्यम जॉन्सन नावाचा इंग्रज तेव्हा मुंबईत स्टुडिओ चालवायचा. मुंबईतल्या जातीजमाती दाखवणारं त्याचं दोन खंडांचं पुस्तक १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनला छापून आलं. दुसरा खंड चक्क महाराष्ट्रावर होता. त्यातल्या चित्रांची गंमत अशी, की माणसांचे फोटो वेगळे घेतलेले आणि पार्श्वभूमी वेगळी. दोन्ही कापून, जोडून एक चित्र केलेलं. लंडनमध्ये घरबसल्या पुस्तक चाळणाऱ्याला हे कसं कळणार? त्याच्यासाठी तो खराखुरा पुरावाच.

बरं, कात्री बाजूला ठेवली तरी कॅमेरा कुठे साधा होता? तेव्हा काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, आणि तो ओला असतानाच फोटो काढून, तिथेच धुवायचा. १८६३ मध्ये भारतात आलेला सॅम्युअल बोर्न हिमालयात गेला तो काचा, रसायनं आणि अंधाऱ्या तंबूचं ओझं हमालांच्या पाठीवर लादून. एक्स्पोजर काही सेकंदांचं. हललेला माणूस पुसट व्हायचा नाहीतर गायबच. म्हणजे गजबजलेला रस्ता ओस दिसणार, आणि श्वास रोखून उभा असलेला माणूस ठोकळ्यासारखा. शिवाय कलोडियनला मुख्यतः निळा प्रकाश 'दिसायचा'. त्यामुळे आकाश पांढरंफट्ट आणि आपला गव्हाळ रंग आहे त्यापेक्षा काळा. ह्या तंत्राच्या मर्यादा. पण तिकडे बघणाऱ्याला त्या मर्यादा कोण सांगणार? त्याला वाटणार, देशच असा सुस्त आणि माणसंच अशी मख्ख!

खरा घोळ मात्र सरकार ह्यात उतरल्यावर झाला. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगच्या हौसेतून सुरू झालेल्या संग्रहाचं १८५७ नंतर सरकारी प्रकल्पात रूपांतर झालं. १८६८ ते १८७५ मध्ये 'द पीपल ऑफ इंडिया' ह्या नावाने त्याचे आठ खंड निघाले. साडेचारशेहून जास्त फोटो, आणि प्रत्येकाखाली त्या जमातीचा 'स्वभाव'. कोण राजनिष्ठ, कोण भांडखोर, कोण लबाड... थोडक्यात, एका माणसाचा फोटो आणि निकाल लाखोंचा. एका सँपलवरून असा निष्कर्ष काढला तर आपला टेस्टिंगवाला आपल्याला हाकलून देईल.

त्याची झळ कशी बसायची, हे सर सय्यद अहमद खान यांनी १८६९ मध्ये लंडनहून लिहिलं होतं. इंडिया ऑफिसात त्यांचा मुलगा हे पुस्तक चाळत होता. एका तरुण इंग्रजाने विचारलं, तू हिंदुस्थानी का? मुलगा हो म्हणाला, पण शरमेने लाल झाला आणि घाईघाईने सांगू लागला, की आपण मूळचे इथले नाही, पूर्वज बाहेरून आले. स्वतःच्या देशाचा फोटो समोर असताना स्वतःलाच त्यातून वगळावंसं वाटणं! हे वाचलं आणि मी थांबलोच.

मग आपल्याकडे कॅमेरा फक्त गोऱ्यांच्याच हातात होता का? मुळीच नाही. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सदस्य होते आणि उत्तम फोटोही काढायचे. पण साहेबाच्या मागणीला साजेशी 'नेटिव्ह टाइप्स' त्यांनीही टिपलीच. कॅमेऱ्यामागचा माणूस बदलला म्हणून गिऱ्हाईक थोडंच बदलतं?

असो. 'जुनी मुंबई' नावाचे फोटो आजही आपल्याकडे फॉरवर्ड होऊन येतात, आणि मलाही ते आवडतात. फक्त पुढच्या वेळी एवढं बघा: फोटोतल्या माणसाचं नाव दिलंय, की नुसती जात? बहुतेक वेळा नुसती जातच सापडेल. नाव विचारायची गरज कुणाला वाटलीच नव्हती.