पाच चांदण्या आणि एक कप चहा

आमच्या गल्लीतल्या पक्याने चहाची गाडी टाकली आणि माझी झोप उडाली. चहाने नव्हे, चहा मी अजून घेतलाच नव्हता. झोप उडाली ती मोबाईलने. पहाटे साडेपाचला ‘शुभ सकाळ’, सातला उकळत्या पातेल्याचा फोटो, आठला आल्याच्या गुणांवर व्याख्यान. त्यात कुणा गिऱ्हाइकाने ‘चहा पाणचट’ असे लिहून एकच चांदणी दिली. पक्याने तिथेच, चारचौघांत, उत्तर ठोकले, ‘आधी जिभेला इस्त्री करून या!’

“काका, तुम्ही जाणती माणसं. पाच चांदण्या टाका की वो!”

मी घरबसल्या टाकल्या. वर ‘अमृततुल्य’ असा शेराही मारला. चव न घेता शेरा मारायची सवय जुनीच. मी बरीच वर्षे पेपर तपासत होतो.

दुसऱ्या दिवशी पक्याला चार रीतीच्या गोष्टी सांगाव्यात म्हणून निघालो आणि वाटेत भाऊसिंगजी रस्ता लागला. तिथे माझे पाऊल जरा अडखळले.

याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचे हॉटेल होते. संस्थानच्या पागेत चाकरीला असताना सवर्णांच्या हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांनी मार खाल्ला होता. शाहू महाराजांनी त्यांना धंद्याला उभे केले. पाटी लागली ‘सत्यसुधारक’. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण?

आता महाराज म्हणजे संस्थानचे धनी. १९०२ साली सरकारी नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखणाऱ्या राजाला आणखी एक हुकूम काय जड होता? पण हुकमाने चहा घशाखाली उतरत नाही, हे त्यांना ठाऊक असावे. त्यांनी आपला खडखडा हॉटेलापुढे उभा केला, चहा मागवला, भर रस्त्यात स्वतः घेतला आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजला. त्या मंडळींचे चेहरे जरा डोळ्यांपुढे आणा! राजाने कप रिकामा केल्यावर ‘मला पित्त होतं’ म्हणायची सोय नाही.

महाराज १९२२ साली गेले. १९२५ साली गंगारामांनी पुढाकार घेऊन, आपल्या समाजाच्या वर्गणीतून त्यांचे स्मारक उभे केले. दुकानदाराने गिऱ्हाइकाला दिलेले याहून मोठे उत्तर माझ्या तरी पाहण्यात नाही.

गाडीवर पोचेपर्यंत माझे व्याख्यान निम्मे झाले होते. म्हटले, “पक्या, त्या माणसाला नीट लिही. चुकलं, पुन्हा या, चहा माझ्याकडून. आणि ‘शुभ सकाळ’ निदान रविवारी तरी बंद ठेव बाबा.”

“बरं. आणि काय?”

“आणि एक चहा दे.”

दिला. घोट घेतला. खरोखरच पाणचट होता.

“कसा हाय, काका?”

मी सांगितले. पक्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मान खाली घातली आणि पातेल्यात आणखी एक चमचा पत्ती टाकली.