लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र आणि वाढत्या मुलांचे ताट



कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी मंगळसूत्र मोडले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्यागाची कथा म्हणून हात जोडतो. मला मात्र ती स्वयंपाकघराची कथा वाटते.

भाऊरावांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत. सधन जैन घरात वाढलेल्या, सोवळे पाळणाऱ्या लक्ष्मीबाई या मुलांच्या आई झाल्या. आधी दागिने गेले. एकदा कोठीत धान्यच उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. वाढत्या वयाची भूक उद्यावर ढकलता येत नाही, हे त्या आईला कळले होते. १९३० मध्ये त्या गेल्या.

त्याच दशकात इंग्लंडमध्ये कॉरी मान नावाच्या डॉक्टरांनी एका मुलांच्या आश्रमात आहाराचा अभ्यास केला. त्याचा अहवाल १९२६ साली आला. तिथे मुले पोटभर जेवत होती. तरी नेहमीच्या जेवणावर त्यांची उंची वर्षाला सरासरी १.८४ इंच वाढली, तर रोज साधारण अर्धा लिटर दूध जास्त मिळालेल्यांची २.६३ इंच. म्हणजे पोट भरणे वेगळे आणि अंगी लागणे वेगळे.

आता आपल्या घराकडे पाहू. सूर्यास्तापूर्वी जेवायचा आपला नियम आहे. पण मुलगी शाळेतून थेट क्लासला जाते आणि अंधार पडल्यावर घरी येते. मग तिचे एक जेवण बुडते. मधल्या वेळी वडापाव नाहीतर बिस्किटे. यात दोष नियमाचा नाही, आपल्या आखणीचा आहे. क्लासआधीच्या डब्यात भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि दही द्यावे. धान्यात जे प्रथिन कमी पडते ते डाळ भरून काढते. पाळी सुरू झालेल्या मुलीला लोह जास्त लागते. चातुर्मासात पालेभाजी बंद असेल तर हुलगे, मटकी, बाजरी, तीळ यांची आठवण ठेवावी आणि वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते.

आणखी एक. घरातले दूध-तूप मुलाच्या ताटात आधी पडते का, हे प्रत्येकीने मनाशी तपासावे. उपवासाचा आग्रहही वाढत्या मुलांना करू नये. तप शक्तीनुसार करावे, असेच आपला धर्म सांगतो.

चार दानांत आपण आहारदान मोठे मानतो. लक्ष्मीबाईंनी ते परक्या लेकरांना दिले. आपल्याला तर फक्त आपल्याच लेकीचा डबा वेळेवर भरायचा आहे.