पुरुषांच्या सुटाचे फिटिंग

सूट म्हणजे एकाच कापडातून बेतलेला कोट आणि पँट. जोडीला वेस्टकोट असल्यास त्याला थ्री-पीस सूट म्हणतात. मापाने शिवलेला सूट अंगाला आवळत नाही आणि अंगावर लोंबतही नाही. हात खाली सोडून सरळ उभे राहिल्यावर कोटावर आडव्या-तिरप्या चुण्या दिसू नयेत आणि चालता-बसताना कोट अडवू नये, ही चांगल्या फिटिंगची खूण. कोटाचा भार खांद्यांवर असतो. त्यामुळे फिटिंगची तपासणी खांद्यापासून सुरू होते आणि पँटच्या मोहरीशी संपते.

ठाणे-कल्याण परिसर : सुटाच्या कापडाशी ठाण्याचा संबंध जुना आहे. येथे १९२५ मध्ये सुरू झालेली लोकरी कापडाची गिरणी रेमंड या नावाने देशभर ओळखली गेली. १९४४ मध्ये ती सिंघानिया घराण्याकडे आली. ब्लँकेटांसारख्या जाडसर मालाकडून ती पुढे सुटाच्या तलम कापडाकडे वळली, आणि १९५८ मध्ये कंपनीने मुंबईत बॅलार्ड इस्टेटला पहिले दुकान उघडले. ठाण्यातील उत्पादन आता बंद झाले असून गिरणीच्या जमिनीवर निवासी इमारती उभ्या राहिल्या आहेत. जेकेग्राम हे वसाहतीचे नाव मात्र टिकून आहे. कल्याणला लागून असलेले उल्हासनगर तयार कपड्यांसाठी, विशेषतः जीन्सच्या शिलाईसाठी प्रसिद्ध आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे सूट हा बहुतेकांचा रोजचा पोशाख नाही. लग्नाचा स्वागत समारंभ, मुलाखत किंवा परदेशदौरा अशा निमित्ताने तो शिवला जातो आणि पुढे बरीच वर्षे वापरला जातो. त्यामुळे शिवणीत माया, म्हणजे पुढे सैल करण्यासाठी जास्तीचे कापड, राखण्याला येथे महत्त्व आहे.

माप आणि ट्रायल : ज्या शर्टावर व बुटांवर सूट घालायचा, तेच घालून माप द्यावे. खिशातला मोबाइल आणि पाकीट काढून ठेवावे, पोट आत ओढू नये आणि छाती फुगवू नये. छाती, कंबर, सीट, खांदा, बाही व उंची या आकड्यांबरोबर चांगला मास्तर शरीराची ठेवणही टिपून घेतो : पाठीला पोक आहे का, मान पुढे झुकते का, एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता आहे का. उतरत्या खांद्याला आतून थोडे जास्त पॅड देऊन दोन्ही बाजू सारख्या केल्या जातात. ५८ इंची पन्ह्याच्या कापडात कोट-पँटसाठी साधारण ३ ते सव्वातीन मीटर कापड लागते. ट्रायलच्या वेळी कोट कच्च्या टाक्यांवर असतो; पांढरे दोरे वरून दिसतात आणि बाही नुसती टाचलेली असते. मास्तर टाचण्या लावून, खडूने खुणा करून चुका दाखवतो. बाही पक्की बसवण्याआधी हे झाले तर दुरुस्ती सोपी जाते.

खांदा, मुंढा व कॉलर : खांद्याची शिवण खांद्याचे हाड संपते तिथेच संपावी. खांदा रुंद झाला तर शिवणीखाली बाहीवर खळगा पडतो; अरुंद झाला तर दंडाचा फुगवटा बाहीतून बाहेर दिसतो. मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची गोलाई, काखेच्या जवळ, पण न काचणारा असावा. मुंढा खोल कापला की हालचाल मोकळी होईल, असा समज आहे. प्रत्यक्षात उलटे होते : बाही कोटाच्या अंगाला खालपर्यंत जोडली गेल्यामुळे हात वर करताच सगळा कोट वर ओढला जातो. लोकलमधील हँडल धरण्याइतका हात उचलून हे लगेच तपासता येते. कोटाची कॉलर मानेमागे शर्टाच्या कॉलरला टेकलेली हवी. मध्ये फट राहिली तर पाठीची उंची किंवा खांद्याचा उतार चुकलेला असतो. मागून शर्टाची कॉलर एक ते दीड सेंटिमीटर दिसावी.

छाती, कंबर व पाठ : कोटाचे तयार माप छातीच्या मापापेक्षा साधारण ३ ते ४ इंच जास्त ठेवतात. बटण लावल्यावर लॅपल छातीवर सपाट बसावे आणि त्याखाली हाताचा पंजा सहज सरकावा. बटणापासून चारही दिशांना फुलीसारख्या चुण्या पसरल्या तर कंबर घट्ट आहे. बटणाच्या जागी कोट मूठभरापेक्षा जास्त पुढे ओढता आला तर सैल आहे. दोन बटणांच्या कोटात वरचे बटण बेंबीच्या किंचित वर येते; तेवढेच लावायचे आणि खालचे मोकळे ठेवायचे, असा संकेत आहे. बसताना तेही काढतात. पाठीवर कॉलरखाली आडवी वळी पडली तर मागची उंची जास्त झालेली असते. मागचे कट उभे असताना मिटलेले राहिले पाहिजेत. ते फाकत असतील तर कोट सीटवर घट्ट आहे.

उंची व बाही : कोटाने सीट पूर्ण झाकावी. मानेच्या मणक्यापासून जमिनीपर्यंतच्या अंतराचा निम्मा भाग ही कोटाची प्रचलित उंची आहे. ५ फूट ७ इंच उंचीच्या पुरुषाला ती २८ ते २९ इंच येते. फॅशनप्रमाणे ती इंचभर कमी-जास्त होते. बाही मनगटाच्या हाडापाशी संपावी आणि शर्टाचा कफ एक ते दीड सेंटिमीटर बाहेर दिसावा. बाहीवर तिरप्या चुण्या पडत असतील तर हाताच्या नैसर्गिक कलाप्रमाणे बाही बसवलेली नाही, असे समजावे.

पँट : पँट पट्ट्याशिवाय कमरेवर टिकली पाहिजे. बाजूचे खिसे फाकले किंवा मांड्यांजवळ आडव्या रेषा ओढल्या गेल्या तर सीट घट्ट आहे. मागे कापडाचा झोल आला तर सैल आहे. इस्त्रीची घडी गुडघ्यावरून सरळ खाली उतरावी. मोहरी बुटाला जेमतेम टेकून पुढे एक हलकी मोड पडावी. मोहरी अरुंद असेल तर लांबी थोडी कमी ठेवतात, नाहीतर कापड घोट्यावर गोळा होते.

कापड व हवामान : खाडीकाठच्या दमट हवेत फार घट्ट बेतलेला कोट घामाने पाठीला चिकटतो. हलक्या वजनाचे वर्स्टेड लोकरी कापड आणि अर्धे अस्तर येथे सोयीचे ठरते. लोकरीच्या कापडावरच्या चुण्या कोट टांगून ठेवल्यावर बऱ्याच अंशी उतरतात. टेरीवूल, म्हणजे पॉलिएस्टर-लोकरीचे मिश्र कापड, स्वस्त आणि टिकाऊ असते, पण त्यात उकडते. कोटाच्या छातीत शिवलेला कॅनव्हास हळूहळू अंगाचा आकार घेतो. त्याऐवजी गोंदाने चिकटवलेला थर, म्हणजे फ्युजिंग, स्वस्त पडते, पण गोंद सुटला तर कापडाला फुगे येतात.

तयार सूट व दुरुस्ती : तयार सुटात छाती व कंबर यांत साधारण ६ इंचांचा फरक धरलेला असतो, ४० च्या कोटाबरोबर ३४ ची पँट येते. पोट सुटलेल्या पुरुषाला ही जोडी जमत नाही. अशा वेळी कोट खांद्याच्या मापाने निवडून बाकीचे आल्टर करून घेतात. पँटची लांबी व कंबर, बाहीची लांबी आणि कोटाच्या बाजू यांत माया असेल तेवढा बदल होतो. बाहीच्या टोकाला खरी काजे पाडलेली असतील तर तिथून लांबी फारशी बदलता येत नाही. खांदा, मुंढा व कोटाची उंची दुरुस्त करायची तर कोट बहुतेक सगळा उसवावा लागतो, आणि तो खर्च अनेकदा परवडत नाही. म्हणून खांद्यात न बसणारा कोट स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.