धारूरचा किल्ला, सोलापूरचे डॉक्टर आणि चीनचे बदलते परराष्ट्र धोरण

१/ आरंभ धारूरच्या किल्ल्यापासून करू. १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव केला. त्यापूर्वी आदिलशाही आणि निजामशाहीची सोयरिक जमली होती. चांदबिबी विजापूरला गेली, तिच्यासोबत हुंड्यात सोलापूरचा किल्लाही गेला.

२/ समान शत्रू मोडला आणि मैत्रीचे कारणच संपले. १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखानाने निजामशाहीला शह देण्यासाठी धारूरचा किल्ला बांधला. लवकरच मुर्तजा निजामशहाने तो जिंकला आणि किश्वरखान मारला गेला. राज्यांची मैत्री कशावर उभी असते, हे धारूरकरांना वेगळे सांगायला नको.

३/ हीच कसोटी चीनला लावून पाहू. आपला साक्षीदार सोलापूरचाच आहे : डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, जन्म १९१०.

४/ १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. साम्यवादी सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक निघाले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्या काळी चिनी साम्यवाद्यांच्या हाती ना राज्य होते, ना मान्यता. जगाची सहानुभूती मिळवणे हेच त्यांचे परराष्ट्र धोरण होते.

५/ कोटणीस परतले नाहीत. आघाडीवर त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकले, परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले ‘यिनहुआ’. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते निवर्तले.

६/ १९४९ मध्ये सत्ता आली आणि धोरणाचा पहिला टप्पा सुरू झाला. माओंनी ‘एका बाजूला झुकण्याचे’ सूत्र जाहीर केले. १९५० मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. मात्र अमेरिकेने कोंडी केल्यामुळे आशियात मित्रांचीही गरज होती. म्हणून १९५४ चा पंचशील आणि १९५५ ची बांडुंग परिषद. चौ एन लाय तेव्हा या सौम्य धोरणाचा चेहरा होते.

७/ दुसरा टप्पा कठोर आहे. १९५९ मध्ये तिबेटमधील उठाव आणि दलाई लामांचे भारतात आगमन. १९६० मध्ये सोव्हिएत तज्ज्ञांची माघार. १९६२ मध्ये भारताशी युद्ध. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चीनने जगभरातील आपले बहुतेक राजदूत माघारी बोलावले. १९६९ मध्ये तर उसुरी नदीवर सोव्हिएत सैन्याशीच चकमकी झडल्या. ज्याच्याकडे झुकायचे ठरले होते, तोच आता मुख्य शत्रू ठरला.

८/ म्हणून तिसरा टप्पा. १९७१ मध्ये किसिंजर गुप्तपणे बीजिंगला गेले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांतील जागा चीनला मिळाली. १९७२ मध्ये निक्सन आले. विचारसरणी तीच होती; बदलला होता तो धोका.

९/ चौथा टप्पा डेंग श्याओपिंग यांचा. १९७८ नंतर आर्थिक विकास अग्रस्थानी आला. त्यासाठी सीमा शांत आणि बाजारपेठा खुल्या हव्या होत्या. १९८१ मध्ये भारताशी सीमाचर्चा सुरू झाली. १९८२ मध्ये चीनने कोटणीसांचे टपाल तिकीट काढले. १९८८ मध्ये राजीव गांधी बीजिंगला गेले. १९९३ मध्ये सीमेवरील शांततेचा करार झाला आणि त्याच वर्षी भारतानेही कोटणीसांचे तिकीट काढले.

१०/ तिकिटामुळे धोरण बदलले, असा निष्कर्ष कृपया काढू नये. पण राज्यसंस्था कोणाची आठवण केव्हा काढते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावे.

११/ पाचवा टप्पा सामर्थ्याचा. २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश, २०१३ मध्ये ‘बेल्ट अँड रोड’ची घोषणा. शांत राहून बळ साठवण्याचा डेंगकालीन संयम मागे पडला. २०१३ च्या वसंतात देपसांगमध्ये दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली. काही आठवड्यांतच पंतप्रधान ली केचियांग भारतात आले आणि मुंबईत कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटले. पुढे २०१७ मध्ये डोकलाम झाले. २०२० मध्ये गलवानमध्ये भारताचे २० जवान हुतात्मा झाले.

१२/ मग कोटणीसांचे बलिदान व्यर्थ गेले का? मुळीच नाही. त्यांनी जखमी माणसांवर उपचार केले, भावी महासत्तेवर नव्हे. चीनमध्ये आजही त्यांच्या स्मारकापाशी फुले वाहिली जातात. ती कृतज्ञता खोटी मानण्याचे कारण नाही. तिच्या भरवशावर सीमा मोकळी सोडण्याचेही नाही.

१३/ माणसांची मैत्री आणि राज्यांची मैत्री ही दोन वेगळी नाणी आहेत. एक दुसऱ्याच्या जागी चालवू पाहणाऱ्यांची फसगत होते. खात्री पटत नसेल तर एकदा धारूरच्या तटावर जाऊन उभे राहावे. तो तट कालच्या व्याह्यांनीच एकमेकांविरुद्ध बांधला होता.