खटक्याचा चाकू

रामपुरी चाकूची दहशत त्याच्या खटक्यात होती. रामपूर हे नवाबांचे संस्थान. तिथल्या कारागिरांचा हा घडीचा चाकू हिंदी सिनेमाने गुंडाच्या हाती दिला. ‘वक्त’मधला (१९६५) राजकुमार आठवा! स्वित्झर्लंडच्या लष्करानेही १८९१ पासून शिपायांना घडीचाच चाकू दिला. पण तो डबे फोडायला आणि बंदुकीचे स्क्रू काढायला. आज लष्करी रंगाचे, स्प्रिंगचे चाकू हौसेने खिशात बाळगले जातात. त्यांत शिपाईपण रंगापुरतेच.

१९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला हत्यार ठरवले. शेतीची आणि घरगुती अवजारे वगळली. आम्हा वडवणीकरांना ही सूट मोलाची वाटते. पुण्याच्या बातम्यांत ‘कोयता गँग’ हे शब्द वाचले की मला आमच्या बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार आठवतात. दिवाळीच्या सुमारास ते कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा गडी असेल तर ‘अर्धा कोयता’. उचलही त्याच नावाने लिहिली जाते.