जहाज मोठं, पण ठेवायचं कुठं?

आमच्या घरी एक सागवानी कपाट आहे. बोनसच्या भरात मी ते एका लिलावात घेतलं. घेताना त्याचे कप्पे मोजले, खण मोजले, पैसे तर दोनदा मोजले. चाळीचा जिना तेवढा मोजायचा राहिला. परिणामी ते कपाट नऊ दिवस पहिल्या मजल्याच्या वळणावर उभं होतं, आणि "जिना ही सामाईक जागा आहे" असं सांगून मालकांनी त्या नऊ दिवसांचं भाडं माझ्याकडून वसूल केलं. पावती दिली नाही.

तेव्हापासून मोठमोठ्या वस्तू करणाऱ्या माणसांविषयी मला फार आपुलकी वाटते. त्यांतला सर्वात जवळचा म्हणजे इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल. या इंग्रज इंजिनियरच्या डोक्यात आलं की, वाटेत कुठेही कोळसा न घेता थेट ऑस्ट्रेलियाला जाईल असं जहाज बांधावं. त्याने बांधलंही. 'ग्रेट ईस्टर्न'. लांबी 692 फूट, चाकांसकट रुंदी जवळजवळ 120 फूट, उतारू 4000. पुढची चाळीस वर्षं एवढं लांब जहाज कुणी बांधलं नाही. का बांधलं नाही, तेच सांगतो.

हल्ली हौशी लोकांच्या नौकांसाठी मरीना असतात. तिथे भाडं नौकेच्या लांबीवर लावतात, आणि लांबी मोजताना नाकाचं टोक आणि शेपटाची शिडीसुद्धा सोडत नाहीत म्हणे. मोठ्या नौकेचा मालक आधी जागा बघतो, मग नौका घेतो. ब्रुनेलसाहेबांनी माझ्यासारखंच उलटं केलं.

पहिली अडचण घरातच. जहाज लंडनला थेम्सच्या काठी मिलवॉलला बांधलं. नदी अरुंद, जहाज लांब. नेहमीसारखं शेपटाकडून पाण्यात सोडलं असतं तर ते समोरच्या काठावर जाऊन आदळलं असतं. म्हणून ते आडवं सरकवायचं ठरलं. त्यातच 1856 साली बांधणारा कंत्राटदार बुडाला. त्याचं आवार बँकेकडे गहाण होतं! इथे माझी खुर्ची थोडी हलली. म्हणजे स्वतःचंच जहाज स्वतःच्याच पैशाने जिथे बांधलं, तिथे ते उभं ठेवायला कंपनीला भाडं भरावं लागलं. भाड्याची मुदत संपत आली, संचालक घाई करू लागले. त्या बँकेत कुणी तरी माझ्यासारखा कारकून दर महिन्याला त्या भाड्याची नोंद करत असणार, आणि बारा हजार टनांचं लोखंड आपल्या एका ओळीमुळे ढकललं जातंय हे त्याच्या गावीही नसणार. मी दिवसाला अशा साठ ओळी लिहितो.

3 नोव्हेंबर 1857 ला जहाज ढकललं. कंपनीने ब्रुनेलला न विचारता तमाशाची तिकिटं विकली होती, हजारो लोक जमले होते. जहाज जेमतेम काही फूट हललं आणि थांबलं. साखळी आवरणाऱ्या चक्राचा दांडा उलटा फिरला आणि त्यात माणूस गेला. मग तीन महिने पाण्याच्या दाबाच्या यंत्रांनी इंच इंच रेटून 31 जानेवारी 1858 ला ते पाण्यात पडलं. कंपनी तोवर दमली होती. ब्रुनेल तर त्याहून. 5 सप्टेंबर 1859 ला तो जहाजाच्या डेकवर कोसळला, दहा दिवसांनी गेला. त्याचं वय 53. आमच्या ऑफिसात या वयाची माणसं प्रमोशनच्या परीक्षेला बसतात.

आणि यानंतर प्रश्न सुरू झाला: हे ठेवायचं कुठं? 1860 मध्ये ते न्यूयॉर्कला गेलं. तिकीट काढलेले उतारू जेमतेम 35, खलाशी चारशेहून अधिक. 1862 मध्ये न्यूयॉर्कजवळ एका खडकावर घासून तळाला 83 फूट लांब भोक पडलं. जहाजाला दुहेरी तळ होता म्हणून वाचलं. पण दुरुस्तीला घेणार कोण? एवढं जहाज मावेल अशी कोरडी गोदी तिथे नव्हती. मग पाण्यातच बाहेरून लाकडी खोका चिकटवून, त्यातलं पाणी उपसून, कारागीर आत उतरले. पायजमा अंगावर ठेवूनच गुडघ्याला ठिगळ लावायचं, तसं.

1864 साली जहाज लिलावात निघालं, अवघ्या 25,000 पौंडांना. घेणाऱ्यांनी उतारूंचा नाद सोडला आणि पोटात मैलोगणती तार भरली. 1866 मध्ये अटलांटिकच्या तळाशी तार टाकण्याचं काम याच जहाजाने पार पाडलं. मोठं पोट शेवटी कामाला आलं.

आणि 1870 च्या जानेवारीत ते चक्क आपल्या मुंबईला आलं! मुंबई ते एडन तार टाकायला. सुएझ कालवा दोन महिन्यांपूर्वीच उघडला होता, पण या बाईंना त्यातून जाता येईना. आल्या आफ्रिकेला वळसा घालून, उन्हाने आतली तार तापू नये म्हणून पांढरा रंग लावून. ससून डॉक 1875 चा, प्रिन्सेस डॉक 1880 चा. तेव्हा दोन्ही नव्हते, आणि असते तरी चाकांच्या रुंदीने दारातच अडकल्या असत्या. राहिल्या उघड्या बंदरात, पाहुण्यासारख्या ओटीवरच. पूर्वेकडे जायला म्हणून जे बांधलं, ते पूर्वेला आलं ते एकही उतारू न घेता, तार घेऊन. पण त्याच वर्षी जूनमध्ये लंडनचा मुंबईशी समुद्राखालून तारेने संबंध जुळला, आणि बातमी मिनिटांत येऊ लागली. एवढं तरी त्याने केलं.

तार टाकायला पुढे बेताची, खास जहाजं निघाली. मग 'ग्रेट ईस्टर्न' मिलफर्ड हेवनच्या खाडीत बारा वर्षं नुसतं पडून राहिलं. आमच्या जिन्यातल्या नऊ दिवसांशी याची तुलना करायचा मोह होतो, पण करत नाही. 1886 मध्ये लिव्हरपूलला एका दुकानाने जहाजाच्या कुशीवर आपली जाहिरात रंगवली. 1888 मध्ये मोडीत विकलं, आणि ते फोडायला दीड वर्ष लागलं.

डोलकाठीचा एक तुकडा मात्र वाचला. लिव्हरपूलच्या अॅनफील्ड फुटबॉल मैदानाशी तो झेंड्याची काठी म्हणून आजही उभा आहे. हे मी हिला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ही कपाटाची काच पुसत होती. मागे न बघता म्हणाली, "अहो, त्या काठीच्या जागेचं भाडं किती पडतं?"

म्हटलं, चौकशी करतो.